घराबाहेर या, एवढंच

1 मे 1998, पहाटे 3. महाराष्ट्रदिनाची सुट्टी, मुंबई झोपेत. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून लष्कराचे चार ट्रक विमानतळाकडे निघतात. हवाई दलाचं एएन-32 विमान अणुचाचणीचा माल घेऊन जैसलमेरला उतरतं.

पुढचे दहा दिवस, राजस्थानातलं पोखरण, चाचणीची जागा. काम रात्री. उजाडायच्या आत यंत्रं होती त्याच जागी परत, कारण 1995 मध्ये अमेरिकेच्या उपग्रहांनी तयारी टिपली होती आणि चाचणी थांबवावी लागली होती. शास्त्रज्ञ अब्दुल कलाम लष्करी गणवेशात ‘मेजर जनरल पृथ्वीराज’. अणुशास्त्रज्ञ चिदंबरम ‘नटराज’. परक्यांपासून लपवणं समजू शकतं.

11 मे, सकाळी 7.30. बुद्धपौर्णिमा. स्फोटाच्या विहिरी बुजवून झाल्या.

सकाळी 9. ठरलेली वेळ. वारा वस्तीच्या दिशेनं वाहतोय. थांबायचं ठरतं. वाऱ्यावर नजर आहे. वस्तीला मात्र यातलं कुणी काही सांगत नाही.

स्फोटाला काही तास. खेतोलाई, चाचणीच्या जागेपासून सुमारे पाच किलोमीटर. लष्कराचे लोक गावात येतात. घरात थांबू नका, छपराखाली बसू नका. कशासाठी, ते नाही. माणसं लेकरांना घेऊन मे महिन्याच्या उन्हात बाहेर बसतात. 18 मे 1974 च्या पहिल्या अणुचाचणीचा हादरा अनुभवलेले लोक त्यांच्यात आहेत.

दुपारी 3.45. तीन स्फोट एकदम. जमीन हलते. घरांच्या भिंतींना तडे जातात, पाण्याच्या टाक्यांनाही.

संध्याकाळी 6 च्या सुमारास, दिल्ली. पंतप्रधानांच्या निवासस्थानी हिरवळीवर पत्रकार जमलेत. वाजपेयी छोटं निवेदन वाचतात. प्रश्न घेत नाहीत. वातावरणात किरणोत्सर्ग झालेला नाही, मोजमापांनी तसं सिद्ध झालंय, असं त्यात आहे. त्या मोजमापांचा एकही आकडा नाही.

13 मे, दुपारी 12.21. आणखी दोन स्फोट.

खेतोलाईचे लोक कॅन्सरच्या आणि जनावरांच्या आजारांच्या तक्रारी वर्षानुवर्षं करत आले आहेत. सरकार म्हणतं, चाचण्यांचा त्याच्याशी संबंध नाही. तसं असेल तर त्या दिवसाची मोजमापं गावाच्या चावडीवर लावा, गावाला वाचता येतील अशा भाषेत. आणि घरोघरी आरोग्यतपासणी करा.