चार ट्रॅकांवरचा गोवा : रेमो फर्नांडिस यांच्या गाण्याची घडण

आपणच रचायचे, आपणच चाल लावायची आणि आपणच उभे राहून गायचे, ही रीत मराठी मुलखाला जुनी आहे. हिंगोली जिल्ह्यातली नर्सी हे नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. तिथपासून पंजाबातल्या घुमानपर्यंत त्यांचे नाव त्यांच्या गाण्यासोबतच पोचले आणि त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आली. शेवटच्या कडव्यातली नाममुद्रा ऐकणाऱ्याला सांगते, की हे बोलणे अमक्याचे आहे आणि त्याची जबाबदारीही त्याचीच आहे. हातात गिटार घेतलेल्या गीतकार-गायकाची पारख करतानाही हेच पाहावे लागते : बोलणे कोणाचे, आणि ते कोणाशी चालले आहे? गोव्यातल्या शिवोलीचे रेमो फर्नांडिस (जन्म १९५३) यांची कारकीर्द या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखी आहे.

‘फोक-रॉक’ हा शिक्का अमेरिकेतला. १९६५ साली न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला आणि श्रोत्यांत फूट पडली. लोकगीत एका बाजूला आणि विजेचे वाद्य दुसऱ्या बाजूला, असे ते भांडण होते. गोव्यात हे भांडण उभेच राहत नाही. चर्चच्या संगीतशाळांतून मुले पिढ्यान्‌पिढ्या पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकत आली. एकोणिसाव्या शतकात बहरलेल्या मांडो या गोव्याच्या कोंकणी गीतप्रकारात युरोपीय स्वरमेळ आहे आणि ठेक्याला घुमट हे मातीचे वाद्य आहे. अशा घरात गिटार आली तर ती पाहुणी ठरत नाही. म्हणून रेमो यांच्यात ‘लोक’ किती आणि ‘रॉक’ किती, हे वाद्यांची यादी करून कळणार नाही. त्यांचे गाणे गावात कोणते काम करते, ते पाहावे लागेल.

मांडो संथ, विरहाचा. तो संपत आला की दुलपोद सुरू होते : चाल जलद, विषय रोजचा. गावातली माणसे, घडलेले प्रसंग, चेष्टा, टोमणे सगळे त्यात येते. शिवोलीत डिसेंबरात जागोर हा लोकनाट्याचा उत्सव होतो, हिंदू आणि ख्रिस्ती मिळून तो करतात. तियात्र या कोंकणी नाट्यप्रकाराच्या रंगमंचावर दोन प्रवेशांच्या मध्ये येणारी गाणी, म्हणजे कांतारां, तर थेट सरकारलाच सुनावतात. गावाची खबर गावालाच गाऊन सांगायची, ही या सगळ्यांमागची वृत्ती. माझ्या मते रेमो यांची १९८०च्या दशकातली इंग्रजी गाणी म्हणजे भाषा बदललेली दुलपोदे आणि कांतारां आहेत. टेलिफोनचा जनक ग्रॅहम बेल याला उद्देशून रचलेल्या गाण्यात त्यांनी आपल्याकडच्या टेलिफोनची दुर्दशा मांडली. ‘पॅक दॅट स्मॅक’ (१९८६) मध्ये गर्द या अमली पदार्थाचा विषय घेतला. किनाऱ्यावरच्या गावांना तेव्हा तो प्रश्न अगदी दारात दिसत होता.

हे शक्य कसे झाले, याचे उत्तर मात्र परंपरेत सापडत नाही. ते एका यंत्रात आहे. मुंबईच्या सर जे. जे. महाविद्यालयात वास्तुकला शिकून आणि पुढे युरोप, उत्तर आफ्रिका भटकून रेमो गोव्यात परतले. त्यांनी घरीच पोर्टास्टुडिओ या कॅसेटवर मुद्रण करणाऱ्या छोट्या यंत्रावर ध्वनिमुद्रण केले. साध्या कॅसेटवर चार माग (ट्रॅक) असतात. दोन एका बाजूचे, दोन उलट बाजूचे. पोर्टास्टुडिओ चारही माग एकाच दिशेने वापरतो. पहिल्यावर गिटार घ्यायची, ती ऐकत दुसऱ्यावर बास, तिसऱ्यावर ताल. हे तीन एकत्र करून चौथ्यावर उतरवले की पहिले तीन मोकळे होतात आणि त्यांवर बासरी, गळा, कोरस चढवता येतो. पण एकदा एकत्र केलेले पुन्हा सुटे होत नाही. शिवाय दर खेपेला आवाज थोडा मंदावतो आणि फितीची सरसर वाढते. त्यामुळे काय पुढे, काय मागे, हे आधीच ठरवावे लागते. वास्तुविशारदाच्या शिस्तीचा इथे उपयोग झाला असावा, असे मला नेहमी वाटते. ‘गोवन क्रेझी’ (१९८४) ही कॅसेट अशी तयार झाली : सगळी वाद्ये त्यांची, सगळे आवाज त्यांचे, वेष्टनही त्यांनीच काढलेले. कॅसेटी ते पिवळ्या स्कूटरवरून गोवाभर स्वतः पोचवत.

याचे मोल कळायला मागची पिढी आठवावी. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट अशा गोव्याच्या वादकांनी आणि संयोजकांनी हिंदी चित्रपटसंगीताला वाद्यवृंदाचा भरघोसपणा दिला. तबकडीवर नाव मात्र संगीतकाराचे. नाममुद्रा हरवलेल्या त्या गुणी माणसांनंतर एक गोंयकार आपल्या गाण्यावर आपलेच नाव घालून बाजारात आला. १९८५च्या ‘ओल्ड गोवन गोल्ड’मध्ये त्यांनी जुनी पारंपरिक गाणी नव्या साजात आणली, तीही याच हक्काच्या भावनेने.

१९८६ साली पंतप्रधान राजीव गांधींसमोर रेमो यांनी राजीव गांधींनाच उद्देशून रचलेले अनावृत पत्र गायले. वर्तमानपत्रांतून टीका झाली; राजीव गांधींनी मात्र पत्र पाठवून गाणे आवडल्याचे कळवले. नमस्कार करून तक्रार मांडणे, ही कांताराचीच पद्धत. फरक इतकाच, की या वेळी ज्याला सुनावायचे तोच समोर बसला होता.

चित्रपटांचा भाग मी थोडक्यात उरकतो, कारण तिथे ते बहुधा दुसऱ्याच्या कामाला आवाज देतात. श्याम बेनेगल यांचा ‘त्रिकाल’ (१९८५) याला अपवाद, कारण त्याची कथाच गोव्याची. ‘जलवा’ (१९८७) आणि ए. आर. रहमान यांच्या संगीतातला ‘बॉम्बे’ (१९९५) यांनी त्यांना देशभर नेले. ‘हम्मा हम्मा’तला तो खरखरीत, खेळकर गळा कोणीही ओळखेल. पण गाणाऱ्याचे गाव त्यातून ओळखता येत नाही. १९९८च्या ‘ओ मेरी मुन्नी’ या अल्बमला हिंदी श्रोता मिळाला. हा श्रोता मोठा होता, पण त्याला शिवोलीची खबर नको होती, ठेका हवा होता. २००७ साली पद्मश्री मिळाली, २०२१ मध्ये आत्मचरित्र आले. तरीही अभ्यासकाने आधी हातात घ्यावी ती १९८४ची कॅसेट. तिच्यातल्या विनोदावर हसायला गोव्यात राहिलेले असणे हीच पहिली अट होती, आणि तो श्रोता त्यांनी जाणूनबुजून निवडला होता.