जन्माची खूण

आमच्या कन्नड तालुक्यात पहिले दोन-तीन दमदार पाऊस झाले की ओढ्यातल्या दगडांखाली खेकडे सापडू लागतात. लहानपणी आम्ही शिवनेला जाऊन मिळणाऱ्या ओढ्यांमध्ये हात घालायचो, बोटं चिमटवून घ्यायचो आणि तरी घालायचोच. एकदा हाती आलेली खेकडीण उलटी केली, तर तिच्या पोटाखालची रुंद पट्टी किंचित उघडली आणि आत ज्वारीच्या दाण्याएवढी पिल्लं वळवळताना दिसली. पाय, डोळे, नांग्या, सगळं जागच्या जागी. आजी काठावरून ओरडली, "सोड तिला, लेकुरवाळी हाये!"

समुद्रातल्या खेकड्याचं असं नसतं, हे पुढे कळलं. तिथलं अंडं फुटतं ते अर्धवट घडलेला जीव घेऊन. तो पाण्यात तरंगत, कात टाकत, रूप पालटत खेकडा होतो. आमच्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यानं हा सगळा प्रवास अंड्यातच उरकलेला असतो. म्हणजे मेंदू कसा बांधला जातो ते उघड्यावर पाहायचं, तर समुद्र गाठायला हवा. कन्नडहून समुद्र म्हणजे घाट उतरून चाळीसगाव, आणि तिथून पुढे मुंबईची रेल्वे. मेंदूतल्या पेशींच्या जन्मखुणेची जी कुळकथा मला सांगायची आहे ती मात्र समुद्रात सुरू होत नाही. ती सुरू होते एका मुळात.

प्राणिशास्त्र-वनस्पतिशास्त्र शिकलेल्या कुणालाही कांद्याच्या मुळाचं प्रात्यक्षिक विसरता येत नाही. आठवडी बाजारातला कांदा पाण्याच्या ग्लासावर टेकवून ठेवायचा, तीन दिवसांत पांढरी मुळं फुटतात. सकाळी त्यांची टोकं कापायची, आम्लात टाकून दिव्यावर कोमट करायची, ॲसिटोकार्मिनच्या लालसर रंगात बुडवायची आणि काच ठेवून अंगठ्यानं दाबायची. जोर जास्त झाला की काच तडकते. माझ्या दोन तडकल्या. तिसरीत दिसलं: गुणसूत्रं मधोमध रांगेत उभी, शेजारच्या पेशीत ती दोन टोकांना ओढली जाताना. पेशीचा जन्म डोळ्यांदेखत, पण गोठलेला.

या पद्धतीत एक खोट आहे. या घटकेला कोणती पेशी विभागते आहे ते दिसतं. काल कोणती जन्मली, ते दिसत नाही. धनगराच्या कळपाकडे बघून या महिन्यात किती कोकरं झाली हे परक्याला सांगता येत नाही, तसंच. कोकरू झाल्या दिवशी कुणी गेरूचा ठिपका लावला असेल, तरच सांगता येईल. मेंदूच्या शास्त्राला तो गेरू मिळायला १९५७ साल उजाडलं.

तोवर निकाल लागून गेलेला होता. स्पेनच्या सांतियागो रामोन ई काहाल यांनी चेतापेशींची जी चित्रं काढली ती आजही पाठ्यपुस्तकांत छापली जातात. त्यांनी १९१३-१४च्या ग्रंथात लिहून ठेवलं होतं की प्रौढ मेंदूत सारं ठरून गेलेलं असतं. तिथे मरण आहे, नवा जन्म नाही. हे बदलता आलं तर पुढच्या विज्ञानानं बदलावं, अशी पुस्तीही त्यांनी जोडली होती. शिष्यांनी निकाल पाठ केला, पुस्ती विसरली. त्यांचंही फार चुकलं असं नाही. प्रौढ मेंदूच्या कापात विभागणारी चेतापेशी कधी दिसतच नव्हती.

आता गेरूकडे येऊ. पेशी दुभंगण्याआधी आपल्या डीएनएची नक्कल करते. डीएनएची चार अक्षरं. त्यांतली तीन आरएनएतही वापरली जातात, चौथं थायमिन मात्र जवळपास डीएनएचंच. म्हणून थायमिनची घडणवीट, म्हणजे थायमिडीन, खुणेची करून दिली, तर ती फक्त नक्कल चालू असलेल्या पेशीतच बसणार. अमेरिकेत हर्बर्ट टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थायमिडीनमध्ये किरणोत्सारी हायड्रोजन, म्हणजे ट्रिटियम, बसवला आणि तो बाकल्याच्या मुळांना पाजला. मग काचेवर अंधारात फोटोच्या फिल्मचा लेप दिला आणि ती काही दिवस झाकून ठेवली. ट्रिटियमचा किरण इतका दुबळा की तो मायक्रॉनभर जेमतेम जातो. हा दुबळेपणाच कामाचा ठरला, कारण चांदीचे काळे ठिपके नेमके त्याच केंद्रकावर उमटले, शेजारच्यावर नाही. कांद्याच्या नाही, पण बाकल्याच्या मुळातून या घराण्याचा मूळपुरुष निघाला.

ही खूण मेंदूत नेली जोसेफ ऑल्टमन यांनी. १९६२ साली त्यांनी 'सायन्स'मध्ये लेखाच्या शीर्षकातच प्रश्न विचारला: प्रौढ सस्तन प्राण्यांच्या मेंदूत नव्या चेतापेशी तयार होतात का? १९६५ साली गोपाल दास या सहकाऱ्याबरोबर त्यांनी उंदराच्या हायपोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणींशी जोडलेल्या भागात, जन्मानंतर येणाऱ्या पेशी दाखवल्या. ठिपके काचेवर होते. मान्यता मात्र कुणी दिली नाही. छोट्या पेशी आहेत, चेतापेशी कशावरून, असं विचारलं गेलं. पुढे मायकेल कॅप्लान यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पुरावा आणला, तोही असाच बाजूला पडला. ऑल्टमन एमआयटी सोडून पर्ड्यू विद्यापीठात गेले. २०११ साली स्पेनचा मानाचा आस्तुरियास पुरस्कार त्यांना मिळाला. काहालच्याच देशानं उशिरा केलेली ही परतफेड मला फार बोलकी वाटते.

लोकांनी कान दिला तो एका गाणाऱ्या पक्ष्यामुळे. १९८३ साली फर्नांडो नॉटेबोम यांनी कॅनरीच्या मेंदूतल्या गाण्याच्या केंद्रात नव्या चेतापेशी दाखवल्या, आणि त्या विद्युत संकेतही देतात हे पुढच्याच वर्षी सिद्ध झालं. त्याच सुमाराला खुणेची धाकटी पाती आली: ब्रोमोडिऑक्सियुरिडीन, थोडक्यात बीआरडीयू. थायमिनच्या एका टोकाला ब्रोमिन बसवलेलं हे तोतया अक्षर. ना किरणोत्सार, ना आठवडे वाट पाहणं; प्रतिपिंड लावा, नवजात केंद्रक उजळून निघतं. खुणेची जुनी मर्यादा मात्र तशीच राहिली. पेशी दुभंगेल तशी खूण निम्मी होत जाते आणि बऱ्याच पिढ्यांनी पुसली जाते, जशी कातरणीनंतर मेंढरावरची.

आता समुद्र. शेवंडं, कोळंब्या आणि बरेच खेकडे आयुष्यभर वाढत राहतात, कात टाकत राहतात. मग त्यांचा मेंदू तेवढा थांबेल कसा? जर्मनीत श्टेफेन हार्त्श आणि राल्फ डाविर्स यांनी समुद्री खेकड्याच्या तरंगत्या अळ्यांना बीआरडीयू घातलेल्या समुद्रपाण्यात ठेवून बघितलं. इंजेक्शनची गरजच नव्हती. अळीनं पाण्यातूनच खूण उचलली. १९९७ साली मान्फ्रेड श्मिट यांनी प्रौढ किनारी खेकड्याच्या मेंदूतही नव्या पेशी दाखवल्या. अमेरिकेतल्या वेलस्ली कॉलेजच्या बार्बरा बेल्ट्झ यांनी शेवंडाचा पाठलाग आरंभापासून केला. शेवंडाची मादी अंडी पोटाखाली चिकटवून नऊ ते बारा महिने वागवते. अंड्याच्या पारदर्शक कवचातून भ्रूण दिसत राहतं. १९९९ साली हार्त्श आणि बेल्ट्झ यांच्या गटानं दाखवलं की वासाशी संबंधित भागात नव्या पेशींचा जन्म भ्रूणावस्थेत सुरू होतो, तो प्रौढपणीही थांबत नाही, आणि त्याच्या बरोबरीनं जुन्या पेशींचं मरणही चालू असतं. शेवंडाच्या पिलांत हे जन्म सांजेच्या सुमाराला सर्वांत जास्त होतात, हेही त्यांनी मोजलं. दिवेलागणीला मेंदूत नवी पेशी!

सर्वांत चकित करणारी गोष्ट शेवंडाच्या गोड्या पाण्यातल्या भाऊबंदात, क्रेफिशमध्ये, निघाली. तिथे मेंदूच्या खालच्या अंगाला एक छोटं वसतिस्थान आहे. पूर्वज पेशी तिथून दोऱ्यासारख्या वाटेनं चालत जातात आणि चेतापेशी होतात. पण हिशेब जुळेना. तिथल्या पेशी स्वतःची जागा भरून काढत नाहीत, म्हणजे टाकी रिकामी व्हायला हवी. ती होत नव्हती. २०१४ साली बेल्ट्झ यांच्या गटानं एका क्रेफिशच्या रक्तपेशींवर खूण केली आणि त्या दुसऱ्याला टोचल्या. काही आठवड्यांनी ती खूण दुसऱ्याच्या मेंदूतल्या चेतापेशींत सापडली. रक्तातून मेंदू! हे माणसात होतं असा अर्थ कुणी काढू नये, पण गेरू नसता तर ही चाल कुणाच्या लक्षातही आली नसती.

या कथेत आमचाही जिल्हा आहे, आणि हे कन्नडमध्ये फार जणांना ठाऊक नाही. १९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात आर. नागभूषणम् यांनी समुद्री जीवांवर संशोधन उभं केलं. समुद्रापासून एवढ्या दूर, औरंगाबादच्या कोरड्या पठारावर! त्यांच्या विद्यार्थ्यांनी रत्नागिरीजवळच्या काळबादेवीच्या खाडीत शिंपल्यांच्या प्रजननाचा अभ्यास केला, कोळंबीच्या मेंदूतल्या संप्रेरक स्रवणाऱ्या पेशी पाहिल्या. आणि ए. डी. दिवाण यांच्याबरोबर नागभूषणम् यांनी १९७४ साली जो प्रजननचक्राचा अभ्यास छापला तो बॅरिटेल्फ्युझा क्युनिक्युलॅरिसचा, म्हणजे आपल्याच नद्या-ओढ्यांतल्या खेकड्याचा. खेकड्याच्या डोळ्याच्या देठात मेंदूचा एक भाग असतो; तिथल्या चेतापेशी अंडाशयाला 'थांब' सांगतात. देठ कापला की अंडाशय वाढतं, हे फ्रान्सच्या पानूझ यांनी १९४३ सालीच कोळंबीत दाखवलं होतं. त्या पेशी काय करतात, हा या परंपरेचा प्रश्न होता. कधी जन्मल्या, हा नव्हे. पण मेंदू समजायला खेकडा पुरतो, हा विश्वास आमच्या विद्यापीठात होता, आणि त्याचा मला अभिमान वाटतो.

जन्माचा प्रश्न मुंबईत विचारला गेला, तोही समुद्राकाठीच. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांच्या प्रयोगशाळेनं २००२ साली उंदरांत दाखवलं की नॉरॲड्रिनॅलिन कमी केलं की हायपोकॅम्पसमधल्या पूर्वज पेशींची विभागणी मंदावते. नैराश्यावरची औषधं, ताण आणि नव्या पेशी यांचा धागा त्यांनी पुढेही सोडला नाही. २०२२ साली त्यांना इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

माणसाला खूण कशी करणार? १९९८ साली पीटर एरिक्सन आणि फ्रेड गेज यांना वाट सापडली ती अशी: कर्करोगाच्या काही रुग्णांना गाठीच्या तपासणीसाठी बीआरडीयू दिलेलं होतं. त्यांपैकी पाच जणांच्या मृत्यूनंतर मेंदू तपासला, तर हायपोकॅम्पसमध्ये खुणा होत्या. पुढे योनास फ्रिसेन यांच्या गटानं कुणी मुद्दाम न केलेली खूण वापरली. १९५० आणि ६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेतलं कार्बन-१४ दुपटीच्या आसपास नेलं. १९६३च्या चाचणीबंदी करारानंतर ते उतरत गेलं. त्यामुळे पेशीच्या डीएनएतलं कार्बन-१४ मोजलं की तिचं जन्मसाल निघतं. २०१३ साली त्यांचा हिशेब आला: हायपोकॅम्पसमध्ये दर बाजूला दिवसाला सुमारे ७०० नव्या चेतापेशी. २०१८च्या मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गटानं लिहिलं की प्रौढ माणसात त्या सापडतच नाहीत. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या गटानं लिहिलं की म्हातारपणीही सापडतात. भांडण अजून मिटलेलं नाही.

ते मिटेल तेव्हा मिटो. चाचण्यांचा तो कार्बन वाऱ्याबरोबर इथेही आला. इथल्या ज्वारीनं तो पानांतून घेतला, तो कणसात उतरला, आणि १९६४ सालच्या चुलीवर आजीनं थापलेल्या भाकरीतून घरात प्रत्येकाच्या पोटात गेला. त्या वर्षी जन्मलेल्या पेशींपैकी ज्या तिच्या अंगात अखेरपर्यंत टिकल्या, त्यांच्यावर ती खूण होती.