भावंडासाठी दान : मुलाचे ‘नाही’ कायद्यात कसे आले?

२३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात, पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात, रोनाल्ड हेरिक याचे एक मूत्रपिंड काढून त्याचा जुळा भाऊ रिचर्ड याच्या शरीरात बसवण्यात आले. मूत्रपिंड प्रत्यारोपणाची ही पहिली यशस्वी शस्त्रक्रिया. ती करणारे शल्यविशारद जोसेफ मरे यांना पुढे १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. एवढा इतिहास आपल्याला माहीत असतो. त्यातला एक छोटा प्रसंग मात्र सहसा सांगितला जात नाही. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री रिचर्डने भावाला चिठ्ठी पाठवली : तू इथून नीघ, घरी जा. रोनाल्डने उलट कळवले की मी आलो आहे आणि राहणार आहे.

दोघेही तेव्हा २३ वर्षांचे होते. रोनाल्ड खरोखरच घरी जाऊ शकला असता, म्हणून त्याच्या थांबण्याला मोल आहे. पण दाता १४ वर्षांचा असेल तर? ७ वर्षांचा असेल तर? आजारी भावंडासाठी आपल्या शरीरातले काही द्यायला मूल नकार देऊ शकते का? या प्रश्नाचा इतिहास येथे पाहू.

भावंडच का?

बाहेरून आलेल्या पेशी परक्या आहेत हे आपली प्रतिकारयंत्रणा ओळखते आणि त्यांच्यावर हल्ला करते. एकसारख्या जुळ्यांची जनुके सारखीच असल्यामुळे हा हल्ला होत नाही. १९५४ साली तो रोखणारी परिणामकारक औषधे नव्हती, म्हणून सुरुवात जुळ्यांपासून झाली.

अस्थिमज्जेच्या बाबतीत पेशींची जुळणी आणखी काटेकोर लागते. ही जुळणी ठरवणारी प्रमुख जनुके सहाव्या गुणसूत्रावर जवळजवळ असतात आणि बहुधा एका गठ्ठ्यानेच पुढच्या पिढीत जातात. आईकडे असे दोन गठ्ठे, वडिलांकडे दोन. प्रत्येकाकडून एकेक घेतला की चार जोड्या होतात. म्हणून सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक, म्हणजे २५ टक्के असते. आईवडील स्वतः सहसा निम्मेच जुळतात. त्यामुळे डॉक्टरांची नजर घरातल्या दुसऱ्या मुलाकडे वळते.

दोन्ही दानांत मोठा फरक आहे, तो विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावा. मज्जा भूल देऊन कमरेच्या हाडातून सुईने काढतात आणि ती काही आठवड्यांत भरून येते. काढलेले मूत्रपिंड पुन्हा उगवत नाही.

हित कोणाचे?

१९५७ साली मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे जुळ्यांच्या तीन जोड्यांची प्रकरणे आली. एक जोडी १९ वर्षांची, दोन जोड्या १४ वर्षांच्या. त्या काळी तेथे सज्ञान होण्याचे वय २१ होते. मुलाच्या उपचारासाठी आईवडील संमती देऊ शकतात. पण येथे शस्त्रक्रिया ज्याच्यावर व्हायची तो मुलगा निरोगी होता. त्याचे यात काय हित? न्यायाधीशांनी असा मार्ग काढला : जुळा भाऊ गेला तर निरोगी मुलाच्या मनावर गंभीर आघात होईल, तो टळणे हेच त्याचे हित. मुलांना गोष्ट समजली आहे आणि त्यांची तयारी आहे, याचीही न्यायालयाने खात्री करून घेतली.

या युक्तिवादाने शस्त्रक्रियांचा मार्ग मोकळा झाला. पण तो पुढे ताणला गेला. १९६९ साली केंटकी राज्यात बौद्धिक अपंगत्व असलेल्या २७ वर्षांच्या तरुणाचे मूत्रपिंड भावासाठी घेण्यास न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी परवानगी दिली. १९७२ साली कनेक्टिकटमध्ये आठ वर्षेही पूर्ण न झालेल्या जुळ्या बहिणींच्या बाबतीत ती मिळाली. १९७३ साली लुइझियानात मात्र बौद्धिक अपंगत्व असलेल्या १७ वर्षांच्या मुलाचे मूत्रपिंड बहिणीसाठी घेण्यास न्यायालयाने नकार दिला.

निकाल वेगवेगळे असले तरी प्रश्न एकच होता : यात मुलाचे हित आहे का? ते ठरवत होते मोठेच. मूल ‘नको’ म्हणाले तर काय, हा प्रश्न मध्यभागी आला नव्हता.

नकाराला जागा

तो फ्रान्सच्या कायद्यात आला. २२ डिसेंबर १९७६ च्या कायद्याने अज्ञान मुलाला केवळ सख्ख्या भावासाठी किंवा बहिणीसाठी दाता होण्याची मुभा दिली आणि किमान तीन तज्ज्ञांच्या समितीची संमती आवश्यक केली. शिवाय म्हटले की मुलाचे मत घेता येत असेल, तर त्याचा नकार नेहमी पाळला जाईल. समितीचा होकार मुलाच्या नकारापुढे चालणार नव्हता. १९९४ च्या कायद्याने मुलांचे दान अस्थिमज्जेपुरते मर्यादित केले. नकाराचा हक्क कायम राहिला.

बालहक्क संहितेच्या १२ व्या कलमाने १९८९ साली मुलाला आपले मत मांडण्याचा आणि त्या मताला योग्य वजन मिळण्याचा हक्क दिला. भारताने ही संहिता १९९२ साली स्वीकारली. युरोपीय देशांच्या १९९७ च्या ओव्हिएडो कराराने मज्जेसारख्या भरून येणाऱ्या ऊतींच्या दानासाठी ‘दात्याची हरकत नसावी’ ही अट घातली.

या हक्काची किंमत नाही असे नाही. १९७८ साली पिट्सबर्गमध्ये एका प्रौढाने आजारी चुलतभावाला मज्जा देण्यास नकार दिला. हा नकार नैतिकदृष्ट्या समर्थनीय नाही असे न्यायाधीशांनी म्हटले, पण सक्ती करण्यास ते तयार झाले नाहीत. रुग्ण सुमारे दोन आठवड्यांनी मरण पावला. १९९० साली इलिनॉयमध्ये रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलासाठी त्याच्या साडेतीन वर्षांच्या जुळ्या सावत्र भावंडांची रक्ततपासणी करावी, अशी वडिलांची मागणी होती. जुळ्यांच्या आईने विरोध केला, न्यायालयाने तो मान्य केला. तो मुलगाही त्याच वर्षी गेला. हे वाचताना मन अस्वस्थ होते, आणि व्हायलाच हवे.

आपल्याकडे

भारतात मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ साली झाला. महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश या राज्यांच्या ठरावांमुळे संसदेने तो केला आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो प्रथम तेथेच लागू झाला. त्यात दात्याचे किमान वय १८ ठरले. २०११ ची दुरुस्ती आणि २०१४ चे नियम यांनुसार अज्ञान मुलाचे जिवंतपणी दान अपवादात्मक वैद्यकीय कारणांसाठीच, सविस्तर नोंद करून आणि सक्षम प्राधिकरण व राज्य सरकार यांच्या पूर्वपरवानगीनेच होऊ शकते.

पण कायदा घरातल्या बैठकीत येऊन बसत नाही. आई रडत असते, भाऊ खाटेवर असतो आणि सगळे दहा वर्षांच्या मुलीकडे पाहतात. ‘देशील ना गं?’ हा खरा प्रश्न असतो का? अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० साली सुचवले की दात्या मुलाच्या बाजूने बोलणारी, आजारी मुलाच्या उपचारात नसलेली एक व्यक्ती असावी आणि ती जुळणीच्या तपासणीआधीपासून असावी. कारण उघड आहे : जुळणी झाल्याचे एकदा घरात कळले की ‘नाही’ म्हणणे फार जड होते.

मुलाचा नकार अनेकदा सुईची भीती असतो. समजावून सांगितले, शंका फेडल्या, की तो मावळतो. पण तो नकार आधी ऐकावा लागतो. वर्गात रक्तगट किंवा आनुवंशिकता शिकवताना चार जोड्यांचे गणित फळ्यावर मांडावे आणि मग मुलांना विचारावे : तुमच्या धाकट्या बहिणीला हे कोणी, कोठे आणि कोणासमोर विचारावे, म्हणजे तिला खरे उत्तर देता येईल? उत्तरे निरनिराळी येतील. तीही फळ्यावर लिहून ठेवावीत.