मनोऱ्यातून रांगेत : रशियन कवितेतील पुराणकथा

पुराणकथा ही कीर्तनकाराची मिरास, चळवळीला तिचे काय, असे आमच्यातील पुष्कळ मंडळी म्हणतात. रशियाचा इतिहास निराळे सांगतो. ९ जानेवारी १९०५ रोजी पीटर्सबर्गचे कामगार देवादिकांच्या तसबिरी आणि झारचे चित्र घेऊन अर्ज द्यायला निघाले. झार म्हणजे मायबाप, ही त्यांची पुराणकथा. तिला उत्तर गोळ्यांनी मिळाले.

त्याच वर्षी, त्याच शहरात, व्याचेस्लाव इवानोव्ह या विद्वान कवीच्या घरी बुधवारच्या बैठकी सुरू झाल्या. घराला नाव ‘मनोरा’. ग्रीकांच्या डायोनिससचा हा मोठा अभ्यासक. कवी आणि लोक यांची फारकत पुराणकथेनेच मिटेल, असा त्याचा सिद्धांत. सिद्धांत खोटा नव्हता. लोक मात्र जिन्याखालीच राहिले.

जिना उतरला तो अलेक्सांद्र ब्लोक. जानेवारी १९१८ मध्ये त्याने ‘बारा’ हे काव्य लिहिले. ते प्रथम छापले ‘श्रमाचा झेंडा’ अशा अर्थाच्या नावाच्या वृत्तपत्राने. हिमवादळात बारा लाल शिपाई गस्त घालतात. ते काही संत नव्हेत. त्यांतला एकजण आपल्याच प्रेयसीला गोळी घालतो. बारा हा आकडा येशूच्या शिष्यांचा, आणि शेवटी त्यांच्यापुढे, कोणाला न दिसता, लाल निशाण घेऊन चालतो तो ख्रिस्तच! श्रद्धाळूंना हे पाखंड वाटले, क्रांतिपक्षाच्या टीकाकारांना तो ख्रिस्त नको होता. खुद्द ब्लोकने रोजनिशीत लिहिले की, त्यांच्यासोबत दुसरा कोणी हवा, पण आहे तो हाच. आमच्या मते काव्याचा खरेपणा या अवघडलेपणात आहे. खून झाकला नाही आणि आशाही टाकली नाही.

मायाकोव्हस्कीला असला संकोच नाही. त्याचे ‘मिस्टरी-बुफ’ हे पद्यनाट्य क्रांतीच्या पहिल्या वाढदिवशी, ७ नोव्हेंबर १९१८ रोजी, रंगभूमीवर आले. कथा नोहाच्या महापुराची. तारवात शुद्धांच्या सात जोड्या आणि अशुद्धांच्या सात. अशुद्ध म्हणजे लोहार, खाणकामगार वगैरे आपलीच माणसे. ती शुद्धांना पाण्यात ढकलतात, नरक आणि स्वर्ग दोन्ही मागे टाकतात, आणि शेवटी त्यांचे स्वागत करतात ती त्यांचीच हत्यारे आणि यंत्रे. यंत्रावर राबलेल्या माणसाला हे दृश्य आवडणारच. पण शुद्ध-अशुद्धाची वाटणी येथे फारच सोपी झाली आहे; ब्लोकची ती मारली गेलेली मुलगी या तारवात कुठे बसवायची?

पुढे वाटणी करणारे सत्तेवर बसले. ओसिप मांदेलश्टाम, ज्याने मरणाऱ्या पीटर्सबर्गला पर्सेफोनीचे पाताळराज्य म्हटले होते, १९३८ च्या डिसेंबरात व्लादिवोस्तोकजवळच्या छावणीत मेला. कामगारांच्या नावाने चाललेल्या राज्यात हे झाले. कामगारांपुढे बोलताना आम्ही ते गाळीत नाही.

त्याच वर्षी आन्ना आख्मातोव्हाचा मुलगा कैदेत गेला. लेनिनग्राडच्या तुरुंगाबाहेर ती सतरा महिने बायांच्या रांगेत उभी राहिली. तिच्या ‘रेक्विएम’मध्ये क्रूसाची कथा येते, पण नजर वळते ती बाजूला मुकाट उभ्या असलेल्या आईकडे. तिच्याकडे पाहण्याचे धैर्य कोणालाच होत नाही. ओळी कागदावर लिहायच्या, मैत्रिणीने पाठ करायच्या, कागद जाळायचा, असे हे काव्य जगले. १९६३ मध्ये ते म्युनिकला छापले गेले, स्वदेशात १९८७ मध्ये. माझे स्मारक केलेच तर या तुरुंगासमोर करा, असे तिने त्यात सांगून ठेवले होते. २००६ मध्ये नेवा नदीच्या काठी, पलीकडच्या तीरावरील त्या तुरुंगासमोर, तिचा पुतळा उभा राहिला.