पालक सभेला का येत नाहीत? थोडा इतिहास, थोडं सातपूर

जून आला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं. "इथल्या पालकांना पोरांच्या शिक्षणाचं काही पडलेलंच नाही." 'इथल्या' म्हणजे श्रमिकनगर, स्वारबाबानगर, प्रबुद्धनगर, अशोकनगरच्या भाड्याच्या खोल्या. शाळेत ऐकू येतं, चहाच्या टपरीवर ऐकू येतं, निवडणुकीच्या भाषणातसुद्धा ऐकू येतं.

मला हे वाक्य पटत नाही. का पटत नाही ते सांगायला जरा मागे जावं लागेल. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

सुरुवात थेट जोतीराव फुल्यांपासून. त्यांचे वडील गोविंदराव यांनी जोतीरावांना शाळेतून काढलं होतं, हे आपण विसरतो. पोरगा शिकला तर शेतीकामाचा राहणार नाही, बिघडेल, असं त्यांच्या मनात भरवण्यात आलं होतं. आजच्या भाषेत गोविंदराव म्हणजे 'बेफिकीर पालक'. मग शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी गोविंदरावांची समजूत काढली. दोघांपैकी कुणीही जोतीरावांचा मास्तर नव्हता. पण मुलगा हुशार आहे, त्याला पुन्हा घाला, असं बापाशी बसून बोलले. १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले आणि १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. मध्ये फक्त सात वर्षं. एका बापाशी कुणीतरी नीट बोललं, त्याचा हा हिशोब.

दुसरा मार्ग दंडाचा. आपल्याच जिल्ह्यातल्या, मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा पोरगा १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. वय बारा. खरं शिक्षण तिथे गेल्यावर सुरू झालं. हेच सयाजीराव गायकवाड. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोर शाळेत नाही पाठवलं तर पालकाला दंड. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचा कायदा आणला, दंड महिन्याला एक रुपया. त्या काळी एक रुपया गरिबाला चांगलाच जाणवायचा. ब्रिटिश मुलखात गोखल्यांचं सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक पडलं, पण १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना अशी सक्ती करायचा अधिकार मिळाला.

आता काही जण म्हणतील, बघा, शाहू महाराजांनीही दंडच केला. बरोबर. पण नुसता दंड नाही केला. फी माफ केली, आणि त्याच्याही आधीपासून, १९०१ पासून, वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली. बापाची अडचण आधी हलकी केली, मग पावती फाडली. आपल्याला पावती लक्षात राहिली, वसतिगृह विसरलो.

नाशिकमध्येही तेच घडलं. १९१४ मध्ये मराठा विद्या प्रसारक समाज सुरू झाला. रावसाहेब थोरात, गणपतदादा मोरे, भाऊसाहेब हिरे, काकासाहेब वाघ ही मंडळी नाशकात कचेरी उघडून पालकांची वाट बघत बसली नाहीत. सत्यशोधक जलसे घेऊन गावोगाव फिरली. लोक जिथे जमतात तिथे, त्यांना समजेल अशा भाषेत, पोराला शिकवा हे सांगितलं. आणि शिकवायचं तर राहायचं कुठे, या प्रश्नाला उत्तर म्हणून उदोजी मराठा बोर्डिंग. १९२० मध्ये त्याच्या कोनशिलेला स्वतः शाहू महाराज नाशिकला आले होते.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी अजून एक पाऊल टाकलं. मुष्टिफंड. घरातल्या बाईने दळण-स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य बोर्डिंगसाठी बाजूला काढायचं. ज्या माउलीला अक्षर येत नाही, तिचाही शाळेत वाटा. त्या मुठीमुळे शाळा 'त्यांची' न राहता 'आपली' झाली.

आणि ताराबाई मोडक, अनुताई वाघ. बोर्डी आणि मग कोसबाड. आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच अंगणात नेली. आज सरकारी कागदावर असलेला 'अंगणवाडी' शब्द तिथून आला. मोठी पोरं गुरं चारायला जातात, म्हणून कुरणशाळा. पालकांवर ठपका ठेवायच्या आधी या बायकांनी स्वतःच्या शाळेची जागा आणि वेळ बदलली.

आता सातपूर.

एमआयडीसी आली आणि शेतं गेली, कारखाने आले. खानदेश, मराठवाडा, नगरकडून माणसं आली, आता युपी-बिहारहून येतात. १९८२ मध्ये सातपूर नगरपालिका नाशिक महापालिकेत गेली. गावाचं घड्याळ बदललं. फर्स्ट, सेकंड, नाईट. शाळेचं घड्याळ मात्र तेच राहिलं. पालक सभा कामाच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता. त्या वेळी फर्स्ट शिफ्टचा बाप मशीनवर असतो, नाईटवाला झोपलेला असतो, आई पॅकिंगला किंवा चार घरच्या धुण्याभांड्याला. ठेकेदाराकडच्या माणसाने खाडा केला की त्या दिवसाचा पगार गेला. म्हणजे दंड आजही आहेच, फक्त तो सभेला जाणाऱ्याला बसतो!

गंमत अशी की कायदा कधीच पुढे गेलाय. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, लागू १ एप्रिल २०१० पासून. यात 'सक्ती' आहे ती सरकारवर. मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास दंड नाही. उलट सरकारी आणि महापालिकेच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा करणं, अनुदान कसं खर्च होतं ते बघणं हे या समितीचं काम. पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी आणि प्रगती सांगणं हे शिक्षकाचं कायद्यातलं कर्तव्य.

१९१७ मध्ये दंड भरणारा पालक आज कायद्याने शाळेचा कारभारी आहे. पण त्याला सांगितलंय कुणी? आमच्या गल्लीतल्या एका ताईंना आपण समितीवर आहोत हे दीड वर्षाने कळलं. रजिस्टर पोराबरोबर घरी यायचं, त्या सही करायच्या.

जमतं कसं हेही बघितलंय आपण. कोरोनात शाळा बंद राहिल्या आणि २०२२ मध्ये 'पहिले पाऊल' अभियानात पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी मेळावे झाले, वस्तीवस्तीत आयांचे गट केले. घरात करता येतील असे छोटे खेळ दिले, भांडी मोज, कपडे रंगाप्रमाणे लाव. शिक्षण नसलेली आईसुद्धा हे करू शकते. तिला काय करायचं ते सांगायला कुणीतरी हवं.

शिक्षकांची बाजू मला मान्य आहे. जनगणना, मतदार यादी, सर्व्हे, ऑनलाइन माहिती, त्यात अजून घरोघरी फिरा म्हणायचं? म्हणून हे त्यांच्या गळ्यात मारू नका. माझ्या साध्या तीन मागण्या आहेत.

एक, सातपूर विभागातल्या महापालिका शाळांनी पालक सभा दोन वेळा घ्यावी, एक सकाळी, एक संध्याकाळी सातनंतर. तो वेळ शिक्षकांच्या कामात मोजावा.

दोन, निमा आणि आयमा यांनी सभासद कारखान्यांना सांगावं की वर्षातून दोन वेळा, दोन तास, पगार न कापता कामगाराला शाळेत जाऊ द्या. ठेकेदाराच्या कामगारालाही.

तीन, समितीच्या सदस्यांची नावं आणि बैठकीची तारीख शाळेच्या फाटकावर लावा. मोठ्या अक्षरात, मराठी आणि हिंदीत.

यातल्या एकाही गोष्टीला फार पैसा लागत नाही.

तुमच्या पोराच्या शाळेत सभा किती वाजता असते आणि समितीवर कोण आहे, ते खाली लिहा. माहीत नसेल तर उद्या शाळेत जाऊन विचारा. तो तुमचा हक्क आहे, कुणाचे उपकार नाहीत.