किरणांआधी हिरडी

किरणोपचार झालेल्या जबड्यावरची हिरडी पुष्कळदा वरून निरोगी दिसते, पण आतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात. तिथे पायोरिया झाला आणि नेहमीच्या सवयीने हिरडी कापली किंवा हलणारी दाढ उपटली, तर खोबण भरेलच असे नसते. हाड उघडे पडून मरू लागण्याची भीती असते. खालच्या जबड्याचा रक्तपुरवठा मुळातच तुटपुंजा असल्याने धोका तिथे अधिक असतो. वैद्यकाला ही गोष्ट फार मोठी किंमत मोजून समजली.

किरणांमुळे जबड्याचे हाड मरते, हे फ्रेंच वैद्य क्लोद रेगो यांनी 1922 साली नोंदवले. त्याच सुमारास अमेरिकेतल्या न्यू जर्सीत घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा चमकता रंग लावणाऱ्या तरुणी कुंचल्याचे टोक ओठांनी अणकुचीदार करत होत्या. त्यांच्या हिरड्या सुजू लागल्या, दात हलू लागले. दंतवैद्य ओळखीचा रोग समजून दात काढत राहिले आणि प्रत्येक खोबण नवी जखम ठरली. दंतवैद्य थिओडोर ब्लम यांनी 1924 मध्ये या जबड्याच्या विकाराचा संबंध रेडियमशी जोडला; पुढच्याच वर्षी हॅरिसन मार्टलँड यांनी शरीरात साठलेल्या किरणोत्सारी द्रव्याचा पुरावा मांडला. त्या मुलींच्या यातना या ज्ञानाच्या मुळाशी आहेत, हे विसरता येत नाही.

पुढची काही दशके कर्करोगासाठी किरण देण्यापूर्वी सगळे दात काढून टाकण्याकडे कल होता. 1970च्या दशकात अमेरिकेतल्या ह्यूस्टनमधल्या कर्करोगतज्ज्ञांनी रोजच्या फ्लोराइड जेलने दात टिकवता येतात असे दाखवले आणि सरसकट दात काढण्याचा आधार ढासळला. मात्र कारणाबद्दलचा समज जुनाच होता: किरण, इजा आणि जंतुसंसर्ग या तिघांमुळे हाड सडते. 1983 साली रॉबर्ट मार्क्स यांनी तो उलटवला. जंतू हे मूळ कारण नसून प्राणवायू, पेशी आणि रक्तवाहिन्या यांची उणीव हेच मूळ, असे त्यांचे म्हणणे होते. त्यातून दाबाखालच्या प्राणवायूचा उपचार पुढे आला. 1985 च्या त्यांच्या चाचणीत दात काढण्याच्या वेळी पेनिसिलिन घेतलेल्या 37 पैकी 11 जणांना हाडाचा विकार झाला, प्राणवायू घेतलेल्या 37 पैकी फक्त 2 जणांना. आकडे इतके बोलके होते की पुढची कित्येक वर्षे ही पद्धत प्रमाण मानली गेली. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत मात्र प्राणवायू घेतलेल्या गटात 6.4 टक्के आणि न घेतलेल्यांत 5.7 टक्के असे विकाराचे प्रमाण निघाले, म्हणजे प्राणवायूचा फायदा दिसला नाही. दरम्यान फ्रान्समध्ये ऊतींच्या कठीण होण्यावर बोट ठेवून पेंटॉक्सिफायलिन हे औषध आणि जीवनसत्त्व ई यांची जोडी वापरात आली.

उपचाराचे केंद्र या सगळ्यात हळूहळू पुढून मागे, म्हणजे किरण सुरू होण्याआधीच्या आठवड्यांत सरकले. तंबाखू आणि मशेरीमुळे तोंडाचा कर्करोग जिथे सर्रास दिसतो, त्या महाराष्ट्रात हा क्रम विशेष महत्त्वाचा आहे. किरणांच्या क्षेत्रातली वाचणार नाही अशी दाढ आधीच काढली जाते आणि जखम भरायला साधारण दोन आठवडे दिले जातात. उरलेल्या दातांवरचे कीटण काढून हिरड्या स्वच्छ केल्या जातात. किरणांच्या साठ-सत्तर ग्रे इतक्या मात्रेनंतर लाळग्रंथी सुकतात, तोंड कोरडे पडते आणि दात लवकर किडतात. म्हणून फ्लोराइड पुढेही रोजच लागते.

किरणांनंतर हिरडीचा रोग उद्भवलाच, तर पहिला उपाय शस्त्रक्रियेचा नसतो. मऊ ब्रश, क्लोरहेक्सिडिनच्या चुळा आणि हलक्या हाताने केलेली सफाई यांवर भर असतो. हिरडी उचलून हाड उघडे करणे शक्यतो टाळतात. दात अगदीच तुटला तरी तो उपटण्याऐवजी मुळांवर उपचार करून वरचा भाग कापून टाकतात आणि मुळे जागीच ठेवतात. काढणे अटळच असेल तर कमीत कमी इजा होईल अशा बेताने काढतात, आणि तपासणी दर काही महिन्यांनी चालू राहते, कारण हा धोका वर्षे उलटली तरी सरत नाही.