विमानाचे समतोलन : हस्तचालित व विद्युत्

विमान ठराविक वेगाने, नाक वर वा खाली न जाता उडत राहावे, यासाठी केलेल्या योजनेस समतोलन किंवा ट्रिम म्हणतात. इंधन खर्च होताना गुरुत्वमध्य सरकतो, वेगही बदलतो. अशा वेळी वैमानिकास नियंत्रणदांडा सतत ओढून धरावा लागू नये, हा तिचा हेतू होय.

जुन्या विमानांत शेपटीच्या एलेव्हेटर या हलत्या फळीच्या मागील कडेवरील लहान पट्टी वळवून हे काम होई. जेट विमानांच्या विस्तृत वेगमर्यादेत ते अपुरे पडू लागल्याने, ज्या आडव्या पंखास एलेव्हेटर जोडलेला असतो तो संपूर्ण पंख, म्हणजे स्थिरक, हलविण्याची पद्धत रूढ झाली. बोइंग ७३७ (पहिले उड्डाण १९६७) या विमानात स्थिरक मळसूत्री दांड्याने हलतो. तो दांडा विद्युत् चलित्र फिरविते. वैमानिकांशेजारील दोन हातचाकेही तारदोरांनी त्यालाच जोडलेली असतात. त्यामुळे चलित्र चालताच चाके फिरतात व यंत्राची हालचाल वैमानिकास दिसते. चलित्र बिघडल्यास वीज तोडून चाक हाताने फिरवावे, अशी ही रचना आहे.

मात्र स्थिरकाने नाक खाली दाबले असता वैमानिक दांडा मागे ओढून धरतो, तेव्हा एलेव्हेटरवरील हवेचा दाब मळसूत्रावर येतो. वेग अधिक असल्यास चाक फिरविणे मानवी बळापलीकडे जाते. दांडा क्षणभर सैल सोडून तेवढ्यात चाक फिरवावे, असा उपाय सुरुवातीच्या ७३७ विमानांच्या प्रशिक्षणात सांगितला जाई. त्यात उंची गमवावी लागते. जमिनीलगत तो निरुपयोगी ठरतो.

२०१७ मध्ये सेवेत आलेल्या ७३७ मॅक्स विमानात एमकॅस ही स्वयंचलित प्रणाली एकाच संवेदकाच्या आधारे स्थिरक हलवीत असे. पूर्वीच्या विमानांत केवळ स्वयंचालकाचे समतोलन वेगळ्या कळीने तोडता येई. मॅक्समध्ये कोणतीही कळ बंद केली, की वैमानिकाच्या अंगठ्याखालील विद्युत् समतोलनही थांबे. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात या विमानाच्या अपघातात १८९ जण मरण पावले. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात वैमानिकांनी वीज तोडली. परंतु अतिवेगात हातचाक फिरेना. वीज पुन्हा जोडल्यावर एमकॅसने नाक आणखी खाली नेले व १५७ जण मृत्युमुखी पडले.

त्यानंतर जगभर ही विमाने जमिनीवर ठेवण्यात आली. अमेरिकेने नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांस पुन्हा अनुमती दिली, ती एमकॅसला दोन संवेदकांची तुलना करावयास लावून व तिच्या अधिकारास मर्यादा घालून. चलित्राला पर्याय म्हणून ठेवलेले हातचाक वैमानिकाचे बळ पुरेल तेवढ्याच परिस्थितीत पर्याय ठरते, हे या अपघातांनी स्पष्ट केले.